खालच्या अंगाचे पाणी

१

दोन बाटल्यांवरची लाख भर लवादासमोर फोडण्यात आली, आणि रंगकारखाना नदी घाण करत नसून स्वच्छ करतो, असे मानणे कायद्याला भाग पडले.

बाटल्या तपकिरी काचेच्या होत्या, त्यामुळे आत काय आहे ते तोवर कोणालाच ठाऊक नव्हते. पहिलीवर चिठ्ठी होती 'वरचा नमुना': नदी कारखान्यापर्यंत पोचण्याआधीचे पाणी. शिपायाने ती पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यात रिकामी केली. पाणी काळेनिळे होते आणि त्यावर तेलाचा तवंग डोलत होता. दुसरीवर चिठ्ठी होती 'खालचा नमुना': नदी कारखान्यापासून पुढे गेल्यानंतरचे पाणी. ते इतके नितळ निघाले की वाडग्याच्या बुडाचा तडा स्पष्ट दिसला.

कारखान्याचा विधी अधिकारी उठला. त्याने कोटाचे बटण लावले.

"माझ्या पक्षकाराला दंड करायचा की पारितोषिक द्यायचं, एवढंच लवादानं ठरवावं."

सभागृहात हशा पिकला. मागच्या बाकावरून एक बाई ताडकन उभी राहिली. नदीच्या पुढच्या वळणावरच्या वस्तीत तिचे कपडे धुण्याचे दुकान होते, सगळी वस्ती तिला लाँड्रीताई म्हणे, आणि मूळ तक्रार तिचीच होती.

"हसताय काय? ते पाणी आमच्या विहिरीत झिरपतं! माझ्याकडे पांढरी चादर टाका, आकाशी घेऊन जा. आणि आमच्याकडचं पाणी स्वच्छ?"

"खाली बसा," अध्यक्ष म्हणाले. "पुरावा बोलतोय."

"पुरावा खोटं बोलतोय, साहेब."

"पुराव्याला तसं करता येत नाही. माणसांना येतं."

या न्यायाने माणूस शोधण्यात आला. ज्याने पाणी भरले तो प्रदूषण मंडळाचा नमुनेवाला तिथेच निलंबित झाला. कारखान्याची सांडपाण्याची नळी नमुने भरल्यानंतर तक्रारीवरून तात्पुरती बंद करण्यात आली होती. ती बंदी पुढल्या सुनावणीपर्यंत तशीच ठेवली गेली. तोवर गौडबंगाल उलगडले नाही, तर झडप उघडणार आणि वस्तीच्या विहिरी पुन्हा निळ्या होणार. उलगडा करण्यासाठी लवादाने एक तपास आयुक्त नेमली.

ती म्हणजे कायद्याच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेली प्राध्यापिका. त्या दालनातले निम्मे वकील तिचे विद्यार्थी होते, म्हणून सगळे तिला नुसते 'बाई' म्हणत. नद्यांच्या संरक्षणाच्या कायद्यावर तिने एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. त्याची एक प्रत लवादाच्या ग्रंथालयातही होती. तिथली खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून फटीत अडकवायला ती नेमकी पुरत असे.

२

नमुनेवाला घरी स्वयंपाकघरात बसून मोडक्या खुर्चीचा पाय जोडत होता. त्याची बायको भाजी चिरत होती, आणि सुरीचा प्रत्येक घाव नवऱ्याच्या नावाने पडत होता.

"बघा हो बाई. नमुने भरता भरता स्वतःच नमुना होऊन बसलेत."

"गप गं," तो पुटपुटला. मग बाईंकडे वळला. "बाई, जीव गेला तरी मी हेच सांगीन. आधी वरच्या अंगाला गेलो, चांगलं पाणी भरलं. मग खालच्या अंगाला गेलो, काळं भरलं. नाकाला रुमाल लावून भरलं. मला वास विसरता येत नाही."

"मग बाटल्या बंद केल्या कोणी?"

"मीच. बूच मी लावलं, दोरा मी बांधला. लाख ओतली तीही मीच."

"आणि चिठ्ठी?"

"ती नकाशेकाकांनी लिहिली. मंडळाचे नकाशे काढतात ते. पाणी भरणाऱ्यानं लिहायचं नाही, असा नियमच आहे. एरवी कारकून येतो. तो रजेवर होता, म्हणून काका आले. पारावर बसून लिहीत होते. मी बाटली नेऊन द्यायचो, मी कुठल्या बाजूनं आलो ते बघून ते चिठ्ठी डकवायचे."

"चिठ्ठीवर तुमची सही आहे."

"जिथे बोट ठेवलं तिथे केली."

"वाचलीत?"

तो खुर्चीचा पाय निरखू लागला. उत्तर बायकोनेच दिले. "वाचतील कशाला? घरात डब्यांवर मी ठळक अक्षरात लिहून ठेवलंय, मीठ, साखर. परवा पाहुण्यांना खारट चहा. विचारलं तर म्हणतात, पांढरं दिसलं, टाकलं."

बाईंना हसू आले नाही. नियम मोठ्या अकलेने केलेला होता: जो पाणी पाहतो त्याने लिहू नये, आणि जो लिहितो त्याने पाणी पाहू नये. निःपक्षपातीपणाच्या नावाखाली अज्ञानाची इतकी चोख वाटणी त्यांनी क्वचितच पाहिली होती.

"पारावर आणखी कोण होतं?"

"कारखान्याचे वकीलसाहेब. त्यांची हजेरी लागतेच. फार गोड बोलत होते त्या दिवशी." तो थबकला. "मला तेव्हाच कसंतरी झालं."

"काय बोलत होते?"

"तसं काहीच नाही हो," नमुनेवाला म्हणाला. "काकांच्या नकाशाचं कौतुक करत होते."

३

मंडळाच्या कचेरीत नकाशेकाकांच्या मेजामागे नदीचा नकाशा भिंतभर पसरला होता. काका नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून रेघ ओढत होते. रेघ पूर्ण होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"लिहिलं ते बरोबरच लिहिलं," ते म्हणाले. "माझ्या हातून आजवर ठिकाण चुकलेलं नाही. दाखवा चुकलेलं, नोकरी सोडतो."

"चुकलं असं मी कुठे म्हणते? बाटल्या ज्यांच्या ताब्यात होत्या त्या रसायनबाई कुठे भेटतील?"

"वरच्या खोलीत."

बाई जिना चढल्या. मजला चढून गेल्यावर दार लागले. दाराबाहेर गच्ची, पाण्याची टाकी आणि कबुतरांची घाण. दुसरे काहीही नव्हते. गुडघ्यांना शिव्या घालत त्या परत उतरल्या.

"वर कोणी नाही."

"नाही कसं? ही काय, शेजारची खोली." काकांनी पेन्सिलीने त्याच मजल्यावरचे पलीकडचे दार दाखवले आणि या बाईला साधे मराठी कळत नाही अशा नजरेने पाहिले.

रसायनबाई बाटल्यांच्या कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या, जणू कोणी ते पळवून नेणार होते. "मला काही विचारायच्या आधी हे बघा," त्या म्हणाल्या आणि लाखेचे तुकडे पुढे ठेवले. "चिठ्ठीची कड लाखेच्या आत दबलेली आहे. चिठ्ठी बदलायची तर लाख फोडायला हवी, पाणी बदलायचं तरी तेच. ही लाख नदीवर ओतली तीच आहे. मध्ये कोणाचाही हात लागलेला नाही. माझा तर नाहीच."

"म्हणजे बाटल्यांत पाणी आहे ते भरलं तेच, आणि चिठ्ठी आहे ती लिहिली तीच."

"अगदी."

"आणि तरीही नदी उलटी झाली."

"ते तुम्ही बघा. मी रसायनं बघते."

बाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. त्यांच्या गुडघ्यात अजून ठणका होता. "एक सांगा. या खोलीला 'वरची' का म्हणतात?"

रसायनबाई प्रथमच हसल्या. "कोणी म्हणत नाही. फक्त काका. आम्ही उत्तरेला बसतो ना! त्यांचं सगळं जग भिंतीवर टांगलेलं असतं. परवा शिपायाला म्हणाले, स्टूल खाली ने. तो बिचारा तळमजल्यावर घेऊन गेला. काकांना दक्षिणेच्या खिडकीपाशी हवं होतं."

बाई परत नकाशासमोर गेल्या. वर उत्तर, खाली दक्षिण. मध्यभागी कारखान्याचा चौकोन. वस्तीची घरे त्याच्या वर होती.

"काका, ही नदी वाहते कशी?"

"कशी म्हणजे?" काकांनी नवी रेघ सुरू केली होती. "खालून वर."

४

विधी अधिकाऱ्याने बाईंसाठी स्वतः खुर्ची ओढली. विद्यार्थिदशेत बाईंनीच त्याला 'पळवाट' हे नाव ठेवले होते. ते पुढे चिकटले, आणि त्याने ते पदवीसारखे मिरवले.

"या ना बाई. कळलं ना तुम्हाला? मला वाटलंच होतं. दुसऱ्या कोणाला कळलं असतं, तर मला वाईट वाटलं असतं."

"ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते," बाई म्हणाल्या. "पाण्यात पाय घालणाऱ्याला 'खालचं अंग' म्हणजे प्रवाह जातो ती बाजू, उत्तर. नकाशावर जगणाऱ्याला 'खाली' म्हणजे दक्षिण. नमुनेवाल्यानं बरोबर भरलं. काकांनी त्यांच्या परीनं बरोबर लिहिलं. दोन प्रामाणिक माणसं, आणि त्यांच्या मधोमध तू. काय म्हणालास काकांना?"

"नकाशा सुंदर आहे म्हणालो. आहेच सुंदर. मग विचारलं, ठिकाणं नकाशाप्रमाणेच लिहिणार ना? ते म्हणाले, म्हणजे काय! मी सदैव तसंच लिहितो." त्याने हात पसरले. "एक प्रश्न, बाई. साक्षीदाराला प्रश्न विचारणं गुन्हा आहे, असं तुम्ही शिकवल्याचं आठवत नाही."

"कारकून रजेवर कसा गेला?"

"त्याच्या मेव्हणीचं लग्न होतं. देवाशपथ मी लावलेलं नाही."

"आणि आता?"

"आता काय? कायद्यातलं व्याख्येचं कलम काढा. 'पाणी' म्हणजे काय ते आहे. 'व्यक्ती' म्हणजे काय ते आहे, त्यात कंपनीही बसते. 'खालचा' नमुना 'वरच्या'पेक्षा घाण असेल तरच प्रदूषण, एवढंच कायदा म्हणतो; 'वर' आणि 'खाली' यांची व्याख्या नाही. मग सही, लाख आणि साक्षीदार असलेली चिठ्ठी चालते."

"नवे नमुने घेता येतील."

"जरूर घ्या!" तो मनापासून खूष झाला. "नळी बंद आहे. दोन्हीकडचं पाणी आरशासारखं आहे. तुमच्या बंदीनंच पुरावा धुऊन नेला. प्रदूषण सिद्ध करायचं तर आधी आम्हाला प्रदूषण करायची परवानगी द्यावी लागेल. तसा अर्ज करा, मी हरकत घेणार नाही."

बाईंना वाटले, आपण याला वर्गात जे शिकवले त्यातला एकही शब्द वाया गेला नाही. फक्त अर्थ तेवढा गळून गेला. संतापाला त्यांच्याकडे आवाज नव्हता. तो थंड होता आणि नीट विरामचिन्हांसह येत असे.

"तू वस्तीत कधी गेलास?"

"माझं काम त्या पत्त्यावर नसतं, बाई."

"तिथल्या पोरांच्या हातांची कातडी सोलते."

"वाईट आहे," तो म्हणाला, आणि कदाचित त्याला खरेच वाईट वाटले असावे. "पण 'पोर' शब्दाचीही व्याख्या नाही."

दारात बाई वळल्या. "तुला एकच विचारते. तुझ्या मते 'खाली' म्हणजे दक्षिण?"

"चिठ्ठीच्या मते."

"सुनावणीत शपथेवर सांगशील?"

"आनंदानं."

"सांग मग," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात असे काही होते की पळवाटाने हातातला पेला न पिताच मेजावर ठेवला.

५

सुनावणीच्या दिवशी पळवाटाने शपथेवर सांगितले: 'वर' म्हणजे उत्तर, 'खाली' म्हणजे दक्षिण, मंडळाचा नकाशा हाच आधार. नकाशेकाकांनी मान डोलावली. इतक्या वर्षांत प्रथमच कोणी त्यांचे म्हणणे नोंदवून घेत होते.

मग बाई उठल्या. त्यांनी बाटल्यांचा उलगडा सांगितला: वाहते पाणी आणि टांगलेला नकाशा, एकच शब्द आणि दोन दिशा. नमुनेवाला निर्दोष ठरला. तो रडू लागला, तेव्हा बायकोने त्याला कोपराने ढोसले.

"उलगडा मनोरंजक आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण विधी अधिकारी म्हणतात तेही खरं. चिठ्ठी नियमाप्रमाणे आहे. आम्ही चिठ्ठीच्या पलीकडे जायचं कसं?"

"जाऊ नका," बाई म्हणाल्या. "मी त्यांचंच म्हणणं मान्य करते. खाली म्हणजे दक्षिण."

सभागृहात कुजबुज झाली. लाँड्रीताईने कपाळावर हात मारला. "बाई, तुम्हीसुद्धा?"

"एका प्रकरणात एका शब्दाला एकच अर्थ, हे तत्त्व लवादाला मान्य असावं. कारखान्याला नळीचा परवाना मिळाला, त्यात अट एकच: सांडपाणी 'खालच्या अंगाला' सोडावं. आता, नळी उघडते कुठे? उत्तरेला. खाली म्हणजे दक्षिण असेल, तर त्या नळीला परवाना नाही, आणि कधीच नव्हता. इतकी वर्षं ती बेकायदा वाहत होती."

पळवाट उठू लागला आणि अर्ध्यावर थांबला.

"परवान्याप्रमाणे नळी दक्षिणेला न्यायला हरकत नाही," बाई पुढे म्हणाल्या. "पण कारखाना आपल्या वापराचं, आणि कामगारांच्या व साहेबांच्या पिण्याचं पाणी दक्षिणेकडूनच उचलतो. आपलं सांडपाणी आपणच प्यावं, अशी त्यांची इच्छा असेल, तर मी हरकत घेणार नाही. नाही तर मग 'खाली' म्हणजे जिथे पाणी जातं ती बाजू, असं म्हणावं. तसं म्हटलं की खरा 'खालचा' नमुना काळी बाटली ठरते, आणि ती त्यांची. यातला कुठलाही अर्थ निवडा. झडप बंदच राहते. शपथ मात्र त्यांनी घेतलेली आहे."

अध्यक्षांनी पळवाटाकडे पाहिले. पळवाटाने बाईंकडे पाहिले; त्या नजरेत राग नव्हता, वर्गात पहिला नंबर हुकलेल्या मुलाचा अपमान होता.

मग त्याने कोटाचे बटण लावले.

"माझी विनंती एवढीच, की शब्दाच्या अर्थाबद्दल मूलभूत शंका उत्पन्न झाली आहे. तज्ज्ञांकडून स्पष्टीकरण मागवावं."

अध्यक्षांचा चेहरा उजळला. निकाल देण्यापासून सुटका करणारी कुठलीही विनंती त्यांना वाजवीच वाटे. त्यांनी सहकाऱ्यांशी डोके जुळवले, घड्याळाकडे पाहिले. जेवणाची वेळ टळत होती.

"'वर' आणि 'खाली' यांचे अर्थ निश्चित करण्यासाठी समिती नेमण्यात येत आहे. भाषातज्ज्ञ, भूगोलतज्ज्ञ आणि उद्योगांचा एक प्रतिनिधी. अहवाल येईपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी."

"जैसे थे म्हणजे कधीसारखी?" बाईंनी विचारले. "बंदीच्या आधीसारखी की आजच्यासारखी?"

"समितीपुढे तोही मुद्दा मांडा," अध्यक्ष म्हणाले आणि उठले. सगळेच उठले, कारण लवाद उठला की उठावे लागते.

६

बाहेरच्या पायऱ्यांवर नमुनेवाल्याची बायको नवऱ्याला सांगत होती, "आता तरी वाचून सही करा." नकाशेकाका समितीत आपल्याला घेतील का, याची चौकशी करत होते. पळवाट फोनवर बोलत खाली उतरला. बाईंजवळून जाताना त्याने आवाज मुळीच दबवला नाही.

"होय, जैसे थे मिळालंय. आपण त्याचा अर्थ पूर्वीसारखं असा घ्यायचा. जेवणं उरकली की झडपेवर माणसं पाठवा." मग फोन बाजूला धरून नम्रपणे म्हणाला, "येतो बाई. आजचा तास फार छान झाला."

बाई जिथे होत्या तिथेच उभ्या राहिल्या. त्यांचा उलगडा अचूक होता, तर्कात कुठेही भोक नव्हते, दोषी माणूस त्यांना नमस्कार करून निघून गेला होता, आणि पाणी काळे होणार होते. एक ग्रंथ पुरा होईल एवढे आयुष्य त्यांनी शब्द घट्ट बांधण्यात घालवले होते. गाठ मारावी आणि दोरीच विरघळावी, तसे झाले.

लाँड्रीताई समोर येऊन उभी राहिली. तिने साबणाने भेगाळलेले हात कमरेवर ठेवले.

"बाई, मला अडाणीला नीट सांगा. आपण जिंकलो की हरलो?"

"युक्तिवाद जिंकलो."

"तो विहिरीत टाकता येतो का?"

"नाही."

"मग हे जैसे थे कोणाच्या बाजूचं?"

बाईंनी उत्तर जुळवायला सुरुवात केली: संबंधित निर्णय, अपवाद, अपवादांचे अपवाद. मग त्यांनी ते सगळे सोडून दिले. "ऐका. आदेशात अर्थ नाहीच. समितीचा माणूस येईल तेव्हा झडप जशी दिसेल, तशीच ती 'थी' असं ठरेल. उघडी दिसली तर उघडी होती, बंद दिसली तर बंद होती."

लाँड्रीताई विचारात पडली. "झडप केवढी असते?"

"लोखंडी चाक असतं. जमिनीलगत. बैलगाडीच्या चाकापेक्षा लहान."

"त्यावर माणूस बसला, तर फिरतं का?"

"माणूस बसला, तर त्याला आधी उठवावं लागेल," बाई सावकाश म्हणाल्या. आपण काय म्हणतो आहोत ते त्यांना बोलता बोलता कळत होते. "उठवायला आदेश लागेल. आदेशाला अर्ज लागेल. आणि अर्जात त्यांना लिहावं लागेल, की झडप बंद होती."

"म्हणजे ज्याचं बूड आधी टेकेल, त्याचं जैसे थे."

"कायद्याच्या भाषेत याला ताबा म्हणतात."

"म्हणू देत काहीही. बुडं आमच्या वस्तीत पुष्कळ आहेत." लाँड्रीताईने पदर खोचला आणि रस्त्यापलीकडे थांबलेल्या वस्तीतल्या बायकांना हाक मारली, "ए, चला गं! घरी नाही, कारखान्याकडे. त्यांचं जेवण व्हायच्या आत!"

बायका धावल्या. एकीने टेम्पो थांबवला, दुसरीने टेम्पोवाल्याशी भाड्यावरून भांडण काढले आणि भांडता भांडताच आत चढली. लाँड्रीताई शेवटी चढत होती, तेव्हा तिला मागे धाप ऐकू आली.

"बाई? तुम्ही कुठे निघालात?"

कायद्याच्या निवृत्त प्राध्यापिकेने टेम्पोच्या फळीला धरले आणि वर घेण्यासाठी हात पुढे केला.

"एक बूड माझंही धरा," त्या म्हणाल्या.